बोया वर सोडताना: नव्या स्कूबा डायव्हरसाठी एसएमबीची खरेदी, सराव आणि फसायच्या जागा

अंदमानातल्या हॅवलॉकला माझी चौदावी डाइव्ह संपली, मी आणि माझी बडी, म्हणजे पाण्यातली जोडीदार, पाण्यावर आलो, आणि होडी दिसेना. म्हणजे होती; तीनेकशे मीटरवर, आमच्याकडे पाठ करून. खालच्या प्रवाहानं आम्हा दोघींना गटापासून अलगद बाजूला काढलं होतं. दुपारचा वारा सुटला होता, लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसायला लागला होता. आम्ही हात हलवले, शिट्ट्या फुंकल्या. होडीवर इंजिनच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? वीस-पंचवीस मिनिटांनी आम्हाला उचलल्यावर खलाशी वैतागून म्हणाला, "मॅडम, पानी में सिर तो नारियल जैसा दिखता है."

माझ्याकडे नवाकोरा नारंगी बोया (एसएमबी) होता, म्हणजे हवा भरली की पाण्यावर उभा राहून होडीला आपली जागा दाखवणारा लांबट फुगा. होडीवर, पिशवीत. आधी कधी सोडला नव्हता, सगळ्यांसमोर फजिती नको म्हणून तिथेच ठेवून पाण्यात उतरले होते.

नंतर मी तो सोडायला शिकले, आणि शिकताना जवळपास प्रत्येक चूक करून पाहिली. हे लिखाण त्या चुकांवरून आलंय. तुम्ही नुकतं ओपन वॉटर कार्ड, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं प्रमाणपत्र, घेतलं असेल, किंवा दहा-वीस डाइव्ह होऊनही बोया अजून खिशातच असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. एक आधीच सांगते: वाचून बोया सोडता येत नाही. पहिल्या काही वेळा प्रशिक्षक शेजारी हवाच.

१. तुम्हाला तो लागणार आहे का, हे आधी ठरवा

मालवण-तारकर्लीला सुट्टीत होते ती वीस मिनिटांची डाइव्ह, ज्यात प्रशिक्षक तुमची टाकी धरून तुम्हाला फिरवून आणतो, तिच्यासाठी काही घेऊ नका. ती जबाबदारी पूर्णपणे त्याची. गरज सुरू होते तुम्ही कार्डधारक म्हणून बडीबरोबर पोहायला लागलात की. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, गोव्याचं ग्रँड आयलंड, अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, बाली: यातल्या कुठेही जाणार असाल तर स्वतःचा बोया हवा.

ग्रँड आयलंडला प्रवाहापेक्षा वरच्या रहदारीचं भय जास्त. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या, जेट स्की, मासेमारीच्या होड्या असं सगळं तुमच्या डोक्यावरून चाललेलं असतं, आणि पाणी गढूळ असलं की वरचं काही दिसत नाही. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळाचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे मोहिमेवर जाणाऱ्यांना तर बोयाशिवाय पाण्यात पायच टाकू देऊ नये. त्याचा माथाच पाण्याखाली सुमारे २० मीटर आहे, चहूकडे किनारा नाही, नजरेला धरायला एक खडकसुद्धा नाही.

प्रवाहाला कमी लेखू नका. जून २००८ मध्ये इंडोनेशियातल्या कोमोडो भागात पाच डायव्हर होडीपासून वाहून गेले आणि दोन दिवसांनी रिंचा बेटावर सापडले. त्यातले काही जण व्यवसायानं डायव्हिंग प्रशिक्षक होते.

"पण गटाला पाण्याखाली नेणाऱ्या डाइव्ह मास्टरकडे बोया असतोच ना?" असतो. माझ्याही डाइव्ह मास्टरकडे होता, आणि तो त्याच्याबरोबर तीनशे मीटरवर होता.

२. बोये दिसायला सारखे, कामं वेगळी

दुकानात किंवा ऑनलाइन शोधलंत की एसएमबी आणि डीएसएमबी अशी दोन नावं दिसतील, आणि विक्रेते ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. फरक साधा आहे.

एसएमबी (सरफेस मार्कर बोया) म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीपासूनच पाण्यावर तरंगत ठेवलेला बोया. तुम्ही खाली पोहता, दोरीनं तो वर तुमच्या मागे ओढला जातो. होडीला तुम्ही सतत कुठे आहात ते कळतं. उथळ, रहदारीच्या जागी हा उत्तम. बुडालेल्या जहाजाजवळ मात्र दोरी अडकत राहते.

डीएसएमबी (डिलेड सरफेस मार्कर बोया) म्हणजे घडी करून खिशात ठेवलेला, डाइव्हच्या शेवटी खालून हवा भरून वर सोडायचा. आपण बोलतोय तो हाच. डायव्हर त्याला 'सॉसेज' म्हणतात, आणि तो दिसतोही तसाच.

तिसरा प्रकार म्हणजे फक्त वर आल्यावर तोंडानं फुगवायची स्वस्त नळी. खालून सोडण्यासाठी ती बनवलेलीच नसते. माझी पहिली खरेदी हीच होती. चित्र बघून घेतली, तीन महिन्यांनी कळलं. मागवताना दोरी बांधायची कडी आणि खालून हवा भरायची सोय, दोन्ही आहे ना, एवढं बघा.

३. निवडताना

पहिला प्रश्न तोंडाचा. काही बोये खालून सताड उघडे असतात. भरायला सोपे, पण पाण्यावर आडवे झाले की हवा निसटते आणि फडकं उरतं. काहींच्या तोंडाशी आतून झडप असते: हवा आत जाते, सहज बाहेर येत नाही. तिसरे पूर्ण बंद, छोट्या नळीतून फुंकायचे. नवख्यानं झडपवाला घ्यावा, त्यातही झडपेबरोबर तोंडानं फुंकायची नळी असलेला. हवा बाहेर सोडायचं आणि जास्त झालेली हवा आपोआप सोडणारं व्हॉल्व्ह आहे का तेही बघा. ते नसेल तर खूप भरलेला बोया वर येता येता शिवणीतून उसवू शकतो.

दुसरा प्रश्न उंचीचा. एक मीटरचा बोया खिशात छान बसतो, पण त्यातला बराच भाग पाण्याखाली राहतो आणि लाटांत उरलेलाही लपतो. मी दीड मीटरचा वापरते. उंचीचं महत्त्व मला दुकानदारानं नाही, देवबागच्या एका तांडेलानं, म्हणजे होडीच्या प्रमुखानं, समजावलं. आपल्याकडे जाळ्यांच्या खुणेला थर्मोकोल, प्लास्टिकचे कॅन, जुने नारंगी गोळे असं काय वाट्टेल ते तरंगत असतं. माझा बोया त्याला दाखवला तर म्हणाला, "उभो रवलो तर दिसता. आडवो पडलो तर जाळ्याचो बोयो वाटता." खरेदीपासून सोडण्यापर्यंत ही एक गोष्ट डोक्यात ठेवलीत तरी निम्मं काम झालं. बोया उभा राहिला पाहिजे.

आकाराला वरची मर्यादाही आहे. हिशोब करून बघा. सपाट पसरल्यावर १५ सेंटीमीटर रुंद आणि दीड मीटर लांब बोयात पूर्ण फुगल्यावर साधारण १० लिटर हवा मावते. एक लिटर हवा म्हणजे पाण्यात जवळपास एक किलोची वरची ओढ. याच्या दुप्पट रुंदीचा घेतलात तर हवा चौपट. चाळीस किलोची ओढ हातात धरायची हौस पहिल्या वर्षी तरी नको.

रंग नारंगी किंवा लाल घ्या. काही ठिकाणी पिवळा बोया म्हणजे 'खाली अडचण आहे, मदत पाठवा' असा संकेत असतो. तो सगळीकडे एकसारखा नाही, म्हणून नवख्यानं पिवळ्याच्या वाटेला जाऊ नये आणि प्रत्येक होडीवर तिथला संकेत विचारावा. टोकाला परावर्तक पट्टी असेल तर संध्याकाळी टॉर्चच्या झोतात चमकते. आणि जाड मार्करनं बोयावर आपलं नाव लिहा, वरच्या टोकाकडे, मोठ्या अक्षरांत. पाण्यावर चार नारंगी बोये उभे असले की कोणता कुणाचा हे होडीवरच्याला कळलं पाहिजे.

४. दोरी: स्पूल की रील

स्पूल म्हणजे मधे भोक असलेली प्लास्टिकची मोठी चकती, तिच्यावर दोरी गुंडाळलेली. पतंगाची फिरकी धरली असेल तर हात लगेच बसेल. रीलला दांडा, मूठ, खटका असतो. गुंडाळायला रील सोपी, पण खटका चुकीच्या क्षणी अडकला किंवा दोरी आतल्या आत गुंतली तर बोया वर निघालेला असतो आणि तुम्ही त्याच्या मागे. स्पूलमध्ये अडकायला खटकाच नाही. सुरुवातीला स्पूलच घ्या.

लांबी ३० मीटर. १० मीटरवरून सोडायला १० मीटर दोरी पुरेल असं वाटतं, पण वर बोयाला वारा ढकलतो आणि खाली तुम्हाला पाणी, दोघांच्या दिशा वेगळ्या. दोरी तिरकी जाते आणि दीडपट-दुप्पट खर्च होते. पंधरा मीटरचं पिटुकलं स्पूल मोहात पाडतं, सोडून द्या.

दोरी विणलेली नायलॉनची, पांढरी किंवा भडक रंगाची. काळी नको, ती पाण्यात आपल्यालाच दिसत नाही. स्पूलबरोबर दोन्ही टोकांना खटका असलेला हुक येतो, त्याला डबल-एंडर म्हणतात. तो स्टेनलेस स्टीलचा असावा. पितळेवर क्रोमचा मुलामा असलेल्यांची स्प्रिंग माझ्याकडे दोन हंगामांत गंजली.

५. बरोबर काय न्यायचं

वस्तू:

- बोया आणि दोरी भरलेलं स्पूल, एकमेकांना कसे जोडतात ते पाठ झालेलं
- दोरी कापायचं छोटं कटर, दोन्ही हात पोचतील अशा जागी
- शिट्टी, बीसीडीला (हवा भरून तरंगायला मदत करणाऱ्या डायव्हिंग जॅकेटला) बांधलेली
- छोटा टॉर्च, दिवसाच्या डाइव्हलासुद्धा
- खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर, भाड्याचा असला तरी स्वतःच्या मनगटावर

कागद:

- सर्टिफिकेशन कार्ड, मोबाइलवर असेल तर त्याचा स्क्रीनशॉटही, कारण बेटांवर रेंज असेलच असं नाही
- लॉगबुक, शेवटची डाइव्ह कधी झाली हे विचारतातच
- फोटो असलेलं ओळखपत्र
- भरलेला वैद्यकीय फॉर्म. दमा, हृदयविकार अशा प्रश्नाला 'हो' असेल तर डॉक्टरांची सही घरूनच घेऊन जा, बेटावर पोचल्यावर धावपळ होते
- डायव्हिंगचा विमा असेल तर त्याची प्रत
- लक्षद्वीपला जाणार असाल तर प्रवेश परवाना. तो भारतीयांनाही लागतो

विमानात कटर चेक-इनच्या बॅगेत, टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. काही बोये छोट्या हवेच्या बाटलीवर फुगतात. ती बाटली विमानात नेण्याची कटकट सुरुवातीला ओढवून घेऊ नका.

६. घरी, पंख्याखाली

पहिला सराव दिवाणखान्यात. बोया पसरा, सगळी हवा काढा, वरच्या टोकाकडून बुडाकडे घट्ट गुंडाळत आणा आणि त्याच्या रबरी बंदात अडकवा. आता स्पूलच्या दोरीच्या टोकाचा फास बोयाच्या कडीतून ओवा आणि अख्खं स्पूल त्या फासातून काढून ओढा. गाठ मारावी लागत नाही आणि सुटतही नाही. हे डोळे मिटून जमेपर्यंत करा. घरातले हसतील.

मग बीसीडी घालून, किंवा नसेल तर जुनं खिशांचं जॅकेट घालून, बोया खिशातून काढणं आणि परत ठेवणं. खिसा उजवा की डावा ते एकदाच ठरवा आणि बदलू नका. बोया किंवा स्पूल कमरेला लोंबकळत ठेवू नका. ते आधी प्रवाळात अडकतं आणि मग तुम्ही.

७. तलावात

ज्या तरणतलावात तुमचा कोर्स झाला, तिथल्या प्रशिक्षकाला विचारून एक तास घ्या. इथे शिकायचं ते एकच: हात कामात असताना खोली न बदलणं. तीन मीटर पाण्यात अधांतरी राहा, बोया काढा, उलगडा, परत गुंडाळा. हवा भरूच नका. पहिल्या दिवशी मी बोया उलगडायला लागले आणि दोन मिनिटांत पृष्ठभागावर आले, पुढच्या वेळी तळाला टेकले. दोन्ही वेळा मला पत्ताच नाही, कारण माझी नजर बोयावर होती. प्रशिक्षकानं मग उपाय सांगितला: बोया छातीशी नाही, डोळ्यांसमोर हात लांब करून धरायचा, म्हणजे त्याच्या पलीकडे मनगटावरचा कॉम्प्युटर आणि बडी दोन्ही दिसतात.

हे जमलं की मगच हवा. तलावात खोली कमी म्हणून बोया नीट उभा राहणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

८. पाण्यात उतरण्याआधी होडीवर बोला

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच. बोया होडीवरच्या माणसासाठी असतो. म्हणून त्यालाच विचारा: बोया दिसला की तू काय करतोस? लगेच जवळ येतोस की लांब थांबतोस? एक बोया म्हणजे सगळा गट असं धरतोस की एक जोडी? अंदमानात डुंगीवाल्याशी (छोट्या होडीवाल्याशी) हिंदीत, मालवणात तांडेलाशी मालवणीत, दोन मिनिटांचं बोलणं. आपला बोया उघडून त्याला एकदा दाखवा. पाण्यात तो काय शोधणार आहे हे त्यानं बघितलेलं बरं.

प्रवाहाचा अंदाजही इथेच घ्या. कोकणातली जुनी माणसं पंचांगावरून सांगतात: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाण्याला ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती, ओढ कमी. आपल्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची साधारण वेळ निघते, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. आजोबांची ही युक्ती मला शाळेत असताना निरुपयोगी वाटायची. दुसऱ्या किनाऱ्यांवर मात्र तिथलंच भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात आणि पाणी खवळतं, म्हणून शक्य तर सकाळची डाइव्ह घ्या.

९. आता समुद्रात

पहिले प्रयत्न शांत पाण्यात, ८ ते १० मीटरवरून करा. वर येताना पाच मीटरवर काही मिनिटं थांबतात त्या सेफ्टी स्टॉपला सोडणं सोपं वाटतं, पण तिथे चूक झाली तर सावरायला जागाच नाही. ओढले गेलात की थेट वर. फार खोलवरूनही नको, दोरी जास्त सुटते आणि गुंत्याची शक्यता वाढते.

अ. बडीला खूण करा, 'बोया सोडते आहे'. बडीनं समोर, हातभर अंतरावर थांबायचं. तिचं काम तुमची खोली आणि दोरी बघणं.

आ. खोली स्थिर करा. ती स्थिर नसेल तर पुढे जाऊ नका. हवेचा काटा बघा. टाकीतला दाब ७० बारच्या खाली असेल तर हे काम सुरू करू नये असं मी स्वतःसाठी ठरवलंय.

इ. वर बघा आणि ऐका. इंजिनचा आवाज येतोय? पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो, त्यामुळे तो कुठून येतोय हे कानाला कळत नाही; सगळीकडून आल्यासारखा वाटतो. आवाज वाढत असेल तर थांबा.

ई. बोया उलगडा, स्पूल जोडलेलं आहे ना ते हातानं चाचपा. डबल-एंडर स्पूलवरून काढून बीसीडीच्या रिकाम्या कडीत ठेवा. त्याला दुसरं काही जोडलेलं नको.

उ. आधी थोडीच हवा. बोयाचं तोंड रेग्युलेटरच्या (ज्यातून तोंडानं श्वास घेता त्याच्या) बाजूला, जिथून तुमचे बुडबुडे निघतात तिथे, किंचित वर धरा आणि नेहमीसारखा श्वास सोडा. बोया वरचं टोक वर करून उभा राहील. इथे क्षणभर थांबून दोरी कशाला गुंडाळलेली नाही ना ते बघा: टाकीचा नळ, मास्कचा पट्टा, बडीचा हात.

ऊ. आता मुख्य हवा. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून खाली भरलेली पाच लिटर हवा वर जाईपर्यंत दहा लिटर होते. म्हणजे अर्धा बोया भरला की वर तो गच्च उभा राहणार. मोठ्या माणसाचा दमदार श्वास तीनेक लिटरचा. दोन श्वासांत काम होतं. २० मीटरवर एक तृतीयांश भरला तरी पुरतो, पाच मीटरवर मात्र दोन तृतीयांश लागतो.

ए. स्पूलच्या भोकात एक बोट, अंगठा कडेवर हलका. बोया सोडा. स्पूल गरगर फिरेल. अंगठ्यानं फक्त वेग मर्यादेत ठेवायचा. दोरी थांबली की बोया पोचला.

ऐ. लगेच दोरी ताणा. डबल-एंडर दोरीवर अडकवून स्पूल बंद करा.

बुडबुड्यांनी भरण्यावर माझा भर का, ते सांगते. श्वास घेतला की तुम्ही थोडे हलके होता आणि सोडला की परत जड, हे तुम्हाला माहीत आहे. तो सोडलेला श्वास बोयात गेला तर नवं काही वाढत नाही, फक्त तुम्ही जड होत नाही. ऑक्टोपसचं, म्हणजे राखीव रेग्युलेटरचं, बटण दाबून भरलंत तर टाकीतली हवा भसाभस बोयात जाते आणि दोन सेकंदांत पाच किलोंनी तुम्ही वर खेचले जाता. अनुभवी लोक ऑक्टोपसनं झटकन भरतात, दिसायलाही ऐटदार दिसतं. त्यांनी ती पद्धत शंभर वेळा केलेली असते. बीसीडीची हवेची नळी काढून बोयाला लावणाऱ्यांचं तर अजिबात अनुकरण नको. त्या वेळात तुमच्या बीसीडीत बटणानं हवा भरता येत नाही.

नळीतून तोंडानं फुंकायचं असेल तर रेग्युलेटर तोंडातून काढावा लागतो. तो हातातून सोडू नका, आणि रेग्युलेटर बाहेर असताना ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहा. श्वास कोंडायचा नाही, हा कोर्समधला पहिला नियम इथेही तोच.

१०. फसायच्या जागा

सगळ्यात वाईट चूक: स्पूल बीसीडीला अडकवून बोया सोडणं. मला वाटलं, हातातून निसटलं तर? म्हणून हुक कडीत लावून ठेवला. दोरी स्पूलवर एका वेढ्याखाली दबली, फिरणं थांबलं, आणि बोया मला अकरा मीटरवरून सहापर्यंत घेऊन गेला. कॉम्प्युटर किंचाळत होता. प्रशिक्षकानं माझा पायातला फिन धरला आणि कडी सोडवली. त्या दिवसापासून नियम एकच: काही अडकलं की स्पूल सोडून द्यायचं. बोया आणि स्पूल परत विकत मिळतात. हातात अडकणारी मनगटाची दोरी याच कारणासाठी काढून टाका.

दुसरी, सैल दोरी. ती पाण्यात वेटोळी घालते आणि तुमच्याभोवती फिरते. शिवाय सैल दोरीचा बोया वर आडवा पडतो, आणि मग तांडेलाला जाळ्याचा गोळा दिसतो. खालून हलका ताण असला की तो उभा राहतो.

तिसरी, दोरीला धरून वर चढणं. दोरी ही शिडी नाही. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगानं वर येऊ नका, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, आणि त्यापुढचा शेवटचा टप्पा आणखी सावकाश. वर येता येता दोरी गुंडाळत राहायची. तुम्ही वर येता म्हणून ती गुंडाळली जाते, उलटं नाही.

चौथी, गटातल्या प्रत्येकानं एकदम आपापला बोया सोडणं. सहा दोऱ्यांची वेणी सोडवत सेफ्टी स्टॉप काढलेला गट मी पाहिलाय. जोडीला एक पुरतो. दुसरा खिशात राखीव.

बाकी बारीकसारीक: हातमोजे घालून पहिल्यांदा स्पूल वापरू नका, बोट भोकात अडकतं. गंजलेला हुक घेऊन उतरू नका.

११. वर आल्यावर

डोकं बाहेर काढण्याआधी हात वर आणि गोल फिरून सगळीकडे नजर. पाण्यावर आलात की पहिल्यांदा बीसीडी फुगवा, मग बाकी सगळं. रेग्युलेटर तोंडातच ठेवा. बोयाचं खालचं टोक पाण्याखाली दाबून धरा, म्हणजे तो ताठ उभा राहतो. होडीकडे मोठी 'ओके' खूण करा, दोन्ही हात डोक्यावर गोल. हात जोरानं हलवले तर त्याचा अर्थ मदत हवी असा होतो, म्हणून ओळखीचं हात हलवणं नको.

होडी येत नसेल तर तिच्या मागे प्रवाहाविरुद्ध पोहण्यात दम घालवू नका. बडीला धरून राहा, बोया उभा ठेवा, दर काही मिनिटांनी शिट्टी. अंधारायला लागलं तर टॉर्च बोयाला चिकटवून आतल्या बाजूला झोत सोडा. अख्खा बोया कंदिलासारखा उजळतो. आम्ही दोघींनी हे नंतर एकदा मुद्दाम करून पाहिलं, नाइट डाइव्हच्या शेवटी, होडी पन्नास मीटरवर असताना. खलाशी म्हणाला, आकाशकंदील तरंगतोय असं वाटलं.

होडी जवळ आली की इंजिन न्यूट्रलला जाईपर्यंत थांबा, आणि सगळी दोरी गुंडाळून झाली आहे ना ते बघा. पंख्यात जाणारी पहिली वस्तू सैल दोरी असते.

१२. परत आल्यावर

गोड्या पाण्यात बोया आणि स्पूल दोन्ही भिजवा. बोयात थोडं पाणी जातंच. ते तोंडातून झटकून काढा, आतही गोडं पाणी फिरवा आणि सावलीत उलटा टांगा. दोरी स्पूलवरून पूर्ण काढून वाळवून परत गुंडाळा, फार घट्ट नाही. दाबलेला वेढा कुठे घेऊन जातो ते वर सांगितलंच. झडपेत वाळूचा कण राहिला तर ती हवा धरत नाही, म्हणून ओलसर असतानाच बोटानं चाचपून बघा. हंगाम संपला की बोया अर्धवट फुगवून एक रात्र बाथरूममध्ये ठेवते. सकाळी मऊ पडलेला दिसला तर बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते शोधायचं, सायकलची ट्यूब तपासतात तसं.